बेचाळीस दिवस आणि अर्धा रस्ता

५ जानेवारी, रविवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. रक्कम बेचाळीस. पैसे नव्हेत, दिवस. हजर माणसे चार: मी, माझी बायको, आमची घरमालकीण आणि घरमालकिणीचे सासरे. जागा त्यांच्या घराचे अंगण, गाव तामाले, उत्तर घाना.

बायको चार विमाने बदलून त्याच दुपारी पोचली होती आणि तिला बसल्या जागी अजून हलल्यासारखे वाटत होते. म्हाताऱ्यांनी सुनेमार्फत विचारले, पाहुणी किती दिवस राहणार? मी सांगितले, बेचाळीस, निघायचा दिवस सोडून. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाले, "म्हणजे सात बाजार."

मला ते कळले नाही. तोवर मला तिथे राहून बावीस महिने झाले होते.

मी गोंदियाजवळच्या मुर्रीचा. पंचवीस वर्षे राईस मिलमध्ये काढली, त्यातली सोळा उसन्यावर. उसना तांदूळ म्हणजे धान आधी भिजवायचे, वाफवायचे, वाळवायचे आणि मग भरडायचे. तामालेकडच्या बायका हेच काम घरोघरी चुलीवर करतात. तिथल्या एका व्यापाऱ्याने त्यासाठी मोठा प्लांट टाकला आणि तो चालवायला माणूस गोंदियातून मागवला. तो मी. करार दोन वर्षांचा होता आणि मार्चमध्ये संपत होता. मालकाने आणखी दोन वर्षे थांबता का, असे विचारले होते. उत्तर १५ फेब्रुवारीपर्यंत लेखी हवे होते.

मला थांबायचे होते. मुलगी नागपूरला फार्मसीच्या पहिल्या वर्षाला होती, म्हणजे तीन वर्षे बाकी. हिशेब सरळ होता. पण घरात हिशेब एकट्याचा नसतो. बायकोने दिवाळीतच फोनवर सांगून टाकले होते:

"वीस महिने झाले, मी तुमच्या आईले पाहून राहिली, धानाचं पाहून राहिली, पोरीचं पाहून राहिली. आता एक डाव तुमचं गाव पाहतो. राहासारखं असल तं राहा आणखी दोन वर्षं. नाई तं माझ्यासंग बॅग भरा."

"कधी सांगशील?"

"निघाच्या आदल्या दिवशी. आधी इचारू नका."

आदला दिवस म्हणजे बरोबर १५ फेब्रुवारी. ती तारीख तिने मुद्दाम धरली होती की योगायोग होता, हे मी विचारले नाही. माझ्या आईजवळ राहायला बहीण आली आणि बायको निघाली.

मी पाहण्याच्या जागांची यादी केली. पाच रविवार, एकूण सात जागा. फोनवर मी तिला नेहमी सांगत आलो होतो की शहर पाहण्यासारखे आहे. हे खोटे नव्हते. मी ते पाहिले नव्हते, एवढेच.

आधी घर सांगतो. तिकडच्या जुन्या पद्धतीचे घर म्हणजे मधल्या अंगणाभोवती गोल गोल खोल्या. त्या आता निम्म्या सिमेंटच्या झाल्या आहेत. दारातच एक मोठी गोल खोली असते. घरात जाणारा-येणारा प्रत्येक माणूस तिच्यातून जातो. घरातला थोर पुरुष तिथे बसतो. आमच्या घरात ते म्हणजे सासरे. वय त्यांच्या मते नव्वद, सुनेच्या मते ब्याऐंशी. घरमालकीण पन्नाशीची, विधवा, बाजारात उसना तांदूळ विकायची. थोडे इंग्रजी बोलायची. मला 'मास्टर' म्हणायची. माझी खोली भाड्यासाठी नवीन बांधलेली, तिला थेट रस्त्यावर उघडणारे वेगळे दार होते. खोली ठरवताना मी ते जमेच्या बाजूला धरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो तेव्हा बायको अंगणात होती. घरमालकीण तिच्यासमोर गुडघे वाकवून काहीतरी विचारत होती आणि बायको प्रत्येक वाक्याला "नाआ" म्हणत होती.

"काय विचारते ती?" मी म्हटले.

"मले काय माहीत? 'नाआ' म्हणाचं असते म्हणते."

नंतर कळले. सकाळ कशी आहे, झोप कशी झाली, घरचे कसे आहेत, नवरा कसा आहे, थकवा कसा आहे, काम कसे आहे, असे एकामागून एक विचारायचे आणि समोरच्याने प्रत्येकाला "नाआ" म्हणायचे. मग समोरच्याने तेच विचारायचे. मग कामाचे बोलायचे. मी घड्याळ लावून पाहिले. पहिल्या दिवशी दोघींना पावणेदोन मिनिटे लागली. तिसऱ्या आठवड्यात चार मिनिटे लागत होती, कारण बायकोही आता विचारायला लागली होती. घरमालकिणीच्या भाषेतले तिला दहा-बारा शब्द येत. बाकी ती झाडीबोलीत विचारायची आणि घरमालकीण तिच्या भाषेत उत्तर द्यायची. दोघींनाही यात काही अडचण दिसली नाही.

माझ्या बाबतीत हा प्रकार कधी झाला नव्हता. आमच्याकडे गंज बाजारात दुकानाच्या पायरीवर पाय ठेवतानाच 'कितीले?' म्हणतात. दुकानदारही वर न पाहता आकडा सांगतो. त्यात कोणाचा अपमान नाही, वेळ वाचतो. तामालेतही मी तसाच वेळ वाचवत आलो होतो.

१२ जानेवारी, पहिला रविवार. मोठी मशीद भर शहरात आहे. आम्ही ती बाहेरून पाहिली. वेळ नऊ मिनिटे.

"मशीद गोंदियातही हाये," बायको म्हणाली.

"एवढी मोठी नाही."

"मोठी हाये," तिने मान्य केले.

तिथून कातडी कमावणाऱ्यांची गल्ली. बकऱ्याची कातडी, लाल रंगवलेल्या पिशव्या, घोडेस्वारांचे उंच बूट. वास बराच होता. आयुष्य धान भिजवण्याच्या हौदांजवळ गेल्यामुळे मला त्रास झाला नाही. मग विणकर. तिकडचा सदरा जाड सुताचा, चार-चार बोटे रुंदीच्या पट्ट्या विणून त्या एकमेकींना शिवून करतात. बायकोने एका सदऱ्याच्या पट्ट्या मोजल्या. मी विणणाऱ्या बाईला किंमत विचारली. बाईने मान दुसरीकडे वळवली. बायकोने तिच्या मागाला हात लावला, काहीतरी म्हणाली, बाईने तिला शेजारी बसवले आणि मी तेवीस मिनिटे बाहेर उन्हात उभा राहिलो. सदरा घेतला नाही.

संक्रांतीला बायकोने घरून आणलेले तिळाचे लाडू अंगणात वाटले. तीळ तिकडेही पिकतात, त्यामुळे कोणाला नवल वाटले नाही. गूळ कशाचा, एवढे विचारले. म्हाताऱ्यांनी लाडू खाल्ला आणि तिला कोलाची एक बी दिली. कोला म्हणजे सुपारीपेक्षा मोठी, ओली, गुलाबी बी. मान द्यायचा, माफी मागायची, लग्न ठरवायचे, काहीही असो, तिकडे कोला देतात. बायकोने ती चावली. तोंड कडू झाले तरी तिने चेहरा हलू दिला नाही. म्हातारे हे बारकाईने पाहत होते.

"आबाजी पास झाली म्हणले," ती नंतर म्हणाली.

"तुला कसे कळले? भाषा तर येत नाही."

"पास झाली का नापास, हे कळाले भाषा लागते का जी?"

मला हे पटले नाही, पण मी माझ्या निकालाचा विचार करत होतो.

जेवणाचीही धास्ती होती. तिकडे मक्याच्या पिठाचा घट्ट उंडा करतात आणि पातळ पालेभाजीबरोबर खातात. मी बावीस महिने खोलीत कुकर लावत आलो होतो. घरमालकिणीने बायकोपुढे वाडगा ठेवला. बायकोने भाजीत बोट बुडवले, वास घेतला आणि म्हणाली, "ही तं चेच भाजी हाये." आमच्याकडे छत्तीसगडच्या बाया डोक्यावर टोपली घेऊन विकायला येतात, ती. दुसऱ्या दिवशी तिला अंबाडी सापडली. त्या महिन्यात तिकडे वाळवंटावरून धुळीचा कोरडा वारा येतो, ओठ फुटतात. घरमालकिणीने तिला लावायला शियाचे लोणी दिले. ते रानातल्या झाडाच्या बियांचे करतात, बाया पहाटे बिया वेचायला जातात. बायकोने हाताला लावून सांगितले की हे मोहाच्या टोळीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाचे चुलतभावंड आहे. मी इंटरनेटवर पाहिले. झाडे खरोखरच एका कुळातली निघाली.

दुसरा रविवार, १९ जानेवारी, मोलेच्या जंगलासाठी ठेवला होता. गाडीवाला ठरवलेला होता. सकाळी साडेपाचला त्याचा फोन आला की आज जमणार नाही, आज बाजार आहे. मी म्हणालो, बाजार रविवारी नसतो, मागच्या वेळी सोमवारी होता. तो म्हणाला, मास्टर, मोजा.

मी मोजले. सात, तेरा, एकोणीस. बाजार दर सहा दिवसांनी भरत होता. आमच्याकडे गावाचा बाजार ठरल्या वारी, म्हणून वार लक्षात ठेवला की झाले. इथे वाराचा संबंधच नव्हता. बावीस महिने मी कधी गर्दीत सापडत होतो आणि कधी रिकाम्या ओट्यांसमोर उभा राहत होतो, आणि माझी समजूत अशी होती की हे लोक शिस्तीचे नाहीत. बेचाळीस म्हणजे सहा आठवडे आणि सात बाजार. म्हाताऱ्यांनी पहिल्याच दिवशी बरोबर सांगितले होते.

जंगल राहिले. बायको घरमालकिणीच्या मोटरसायकलवर मागे बसून बाजारात गेली. तामालेत निम्म्या मोटरसायकली बायका चालवतात. नऊवारी-पाचवारीची भानगड घरमालकिणीला माहीत नव्हती. तिने एकदाच मागे वळून पदर चाकात नाही ना, एवढे पाहिले.

दुपारी ती एक वाडगा तांदूळ घेऊन आली. तिकडे तांदूळ वाडग्याच्या मापाने विकतात, वर शीग लावून. मी सवयीने वजन केले. दोन किलो नऊशे ग्रॅम.

"कोणाकडून घेतला?"

"तुमी घेता तिच्याकडूनच. मालकीणबाईच्या शेजारची."

मी वही काढली. त्याच बाईकडून, त्याच वाडग्याने, मी बावीस महिन्यांत घेतलेला तांदूळ दोन किलो सहाशेच्या वर एकदाच गेला होता, तेव्हाही पन्नास ग्रॅमने. भाव तोच. म्हणजे वाडग्यामागे तीनशे ग्रॅमचा फरक होता आणि तो सगळा शिगेत होता.

पुढच्या बाजारी, शनिवारी, मला दुपारनंतर सुटी होती. मी बायकोच्या मागे चार पावले राहून पाहिले. ती त्या बाईसमोर वाकली. सकाळ कशी आहे, लेकरे कशी आहेत, पाय कसा आहे. बाईच्या पायाला काहीतरी लागले होते, हे मी पहिल्यांदा पाहिले. मग बाईने विचारले. मग दोघी हसल्या. मग बाईने वाडगा भरला, शीग लावली, वर एक ओंजळ टाकली, थांबली आणि आणखी एक टाकली. किंमत कोणी उच्चारली नाही.

"तू भाव का नाही विचारला?"

"मागचाच असल ना. तिचा पाय दुखते तं भाव काय इचारू?"

२६ जानेवारी, मोले. तामालेपासून साधारण दीडशे किलोमीटर. उन्हाळ्याकडे पाणी आटले की टेकडीखालच्या तळ्यावर हत्ती येतात आणि वर ओट्यावर खुर्ची टाकून दिसतात, असे मला सांगितलेले होते. आम्ही खुर्ची टाकून पावणेचार तास बसलो. दिसले ते असे. सुळेवाली रानडुकरे सात. हरणे बावीस ते पंचवीस, हलत असल्याने नक्की सांगता येत नाही. माकडांचा कळप एक. त्यातल्या मोठ्या नराने बायकोच्या मांडीवरची चिवड्याची पिशवी नेली, साधारण चारशे ग्रॅम. हत्ती एकही नाही. काल होते, असे तिथला माणूस म्हणाला.

परतताना लाराबांग्याची जुनी मशीद पाहिली. मातीची, पांढरी, भिंतींतून लाकडाचे खुंट बाहेर आलेले. ही मात्र बायकोला आवडली. भिंतींचा पोतारा कोण करते, असे तिने विचारले. गाव मिळून करते, असे उत्तर मिळाले. ती मान हलवत असतानाच तिच्या भावाचा फोन आला. तिचे माहेर नवेगाव बांधजवळ. फोन स्पीकरवर होता.

"बाई, आपल्या बांधीत काल हत्ती आले होते. पुंजणं खाल्लं सारं."

बांधी म्हणजे धानाचे शेत; पुंजणे म्हणजे कापलेल्या धानाच्या पेंढ्यांची रचलेली रास. भावाची मळणी दरवर्षी उशिरा असते.

"किती होते?" बायकोने विचारले.

"मोजाले कोण थांबते, बाई?"

तिने फोन पिशवीत टाकला. मग म्हणाली, "मी चार इमानं बदलून हत्ती पाहाले आली, आन् हत्ती माझ्या माहेरी जाऊन राहिले."

यादीतली सर्वांत चांगली जागा खर्च झाली होती आणि वीस दिवस उरले होते.

२ फेब्रुवारी. शहराबाहेर लाल विटांची एक मोठी कलाशाळा आहे. तिच्या अंगणात जुनी विमाने ओळीने उभी करून ठेवली आहेत. ती उडत नाहीत. बायकोला ही गोष्ट पसंत पडली. आम्ही एका विमानाच्या सावलीत बसलो.

"एक इचारू जी?"

"विचार."

"आबाजीच्या डोळ्याचं आपरेशन कवा झालं?"

"कोणाच्या?"

"आबाजीच्या. तुमच्या भिंतीले लागून ज्याची खाट हाये त्याच्या."

मला माहीत नव्हते, तसे मी सांगितले.

"मागच्या जूनमधी. मालकीणबाई दोन महिने बाजारात नाई गेली. तुमच्या खोलीसमोरून रोज रिक्षात बसवून नेत होती त्याले." ती माझ्याकडे वळली. "तुमी बावीस महिने कुठं होता?"

"तामालेत."

"नाई. तुमी मिलीत होता. मिल तं गोंदियातही हाये, मोप."

मी म्हणालो की मी माझे काम चोख केले आहे, प्लांट एक दिवस बंद पडलेला नाही.

"कोण नाई म्हणते? तुमाले घरात काय म्हणतात, ठाऊक हाये?"

"मास्टर."

"तोंडावर. मागं 'कितीले' म्हणतात. त्याइच्या बोलीत. बाईनं सांगतलं मले, हसता हसता."

मी विचार करून पाहिले. नाव चुकीचे नव्हते.

त्या संध्याकाळी मी मनाशी धरून चाललो की उत्तर नकाराचे आहे. खोलीतल्या वस्तूंची यादी केली: गादी, पंखा, कुकर, शेगडी, वजनकाटा. कोणाला विकायच्या, हे ठरवायला बसलो तेव्हा लक्षात आले की विकायला मला माणूसच माहीत नाही. मिलमधले लोक सोडून तामालेत माझी ओळख गाडीवाल्याशी होती, आणि त्याच्याशी आमचे बाजारावरून वाजले होते.

९ फेब्रुवारीला गावच्या प्रमुखांचा वाडा पाहायला गेलो. चपला काढून एक तास वीस मिनिटे बसलो. प्रमुख कोणाच्या तरी मयतीला गेले होते. यादी संपली. सात जागा, आणि त्यांतली बायको आपणहून बोलून दाखवील अशी एकच, तीही मातीची.

१५ फेब्रुवारी, शनिवार, बेचाळिसावा दिवस. मालकाचा सकाळीच फोन आला. मी संध्याकाळी कळवतो म्हणालो. चार वाजता बायको डोक्यावर पदर घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"चला. आबाजीले रस्ता मागाचा हाये."

"कसला रस्ता?"

"जाचा. पाहुणा असाच नाई जात इथं. मागा लागते."

दाराजवळच्या गोल खोलीत म्हातारे बकऱ्याच्या कातड्यावर बसले होते. घरमालकीण दुभाषी म्हणून शेजारी. बायको उकिडवी बसली. सगळे प्रश्न झाले, सगळी "नाआ" झाली. मग तिने रस्ता मागितला, त्यांच्याच भाषेत. तेवढे वाक्य तिने आठवडाभर पाठ केले होते.

म्हाताऱ्यांनी ऐकून घेतले. मग बोलले. घरमालकीण म्हणाली, "ते म्हणतात, अर्धा देतो."

तिने समजावून सांगितले. ज्याचे तोंड पुन्हा पाहायचे नसते त्यालाच पूर्ण रस्ता देतात. ज्याला परत यायचे असते त्याला अर्धा. अर्ध्यावर तो घरी पोचतो. उरलेला अर्धा देणाऱ्याकडे राहतो आणि तो न्यायला त्याला यावे लागते.

बायकोने यात नवीन काही नाही अशी मान डोलावली. "आपल्याकडे तरी निघताना 'जातो' कोण म्हणते?" ती मला म्हणाली. "'येतो'च म्हणतात."

"अर्धा म्हणजे कुठपर्यंत?" मी विचारले.

घरमालकिणीने हे भाषांतरित केले नाही. पण म्हाताऱ्यांना कळले असावे. त्यांनी ऑपरेशन झालेला डोळा माझ्याकडे वळवला आणि बोलायला लागले. बराच वेळ बोलले. सून थोडे थोडे सांगत गेली आणि सांगताना माझ्याकडे पाहत नव्हती.

मागच्या वर्षी मी तीस दिवसांच्या रजेवर गोंदियाला आलो होतो. पहाटे सव्वापाचला, रस्त्याकडच्या दाराने, कोणाची झोपमोड नको म्हणून. मास्टर गावी जाणार आहे, हे घरात माहीत होते. म्हातारे आदल्या दिवशी सकाळपासून या खोलीत बसले होते, मी रस्ता मागायला येईन म्हणून. दुपारी जेवायलाही उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर कळले की माणूस गेलाच आहे.

"ते म्हणतात, रस्ता न मागता दोनच माणसे जातात. चोर आणि मेलेला. घरातले काही गेले नव्हते, म्हणून आम्ही दुसरे धरले. मग महिन्याने मास्टर मिठाईचा डबा घेऊन आला."

बायकोने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की नाही, हे मी पाहिले नाही. तो डबा सोनपापडीचा होता, एक किलोचा. मी तो घरमालकिणीच्या हातात दिला होता आणि 'भाडे किती बाकी?' असे विचारले होते, हे मला आठवले.

"चूक झाली," मी म्हणालो. हे खरे होते आणि मला ते म्हणायला फार वेळ लागला नाही. मग नियमाप्रमाणे पुढचे विचारले: "दंड किती?"

यावर घरमालकीण हसली, बायको हसली आणि शेवटी म्हातारेही हसले. घरातले माझे नाव त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

दंड ठरला: कोलाच्या बिया बारा, गिनी कोंबडी एक. मी खिशाकडे हात नेला. म्हातारे म्हणाले, आज नको. हा दंड निघताना द्यायचा. मास्टर निघाला आहे का?

घरमालकिणीने हे मला सांगितले आणि बायकोकडे पाहिले. म्हाताऱ्यांनीही बायकोकडे पाहिले. मीही पाहिले. संध्याकाळचे पाच वाजून पाच मिनिटे झाली होती.

बायको म्हणाली, "माझा अर्धा रस्ता इथं अडकला. तुमी नाई राहाल तं तो घ्याले मी कोणाकडे येऊ?"

"म्हणजे दोन वर्षे?"

"आबाजी पुरा देते का? मी काऊन देऊ? अर्धं. एक वर्ष. तुमची आई ऐंशीची होऊन राहिली. आन् एक. ते रस्त्याकडचं दार बंद करा. जाणं-येणं इथून."

तिने हे घरमालकिणीला कसे सांगितले, कोणास ठाऊक. पण घरमालकिणीने टाळी वाजवली. मी तिथेच बसून मालकाला कळवले, एक वर्ष. त्याला दोन हवी होती. बऱ्याच वेळाने उत्तर आले: ठीक.

दुसऱ्या दिवशी बायको निघाली आणि अर्ध्या रस्त्याने गोंदियाला पोचली. मी रस्त्याकडच्या दाराला आतून लोखंडी कपाट लावले. दार अडले, आणि पुढचे वर्ष मी रोज दोनदा गोल खोलीतून गेलो-आलो. सुरुवातीला मिलवर पोचायला अकरा मिनिटे उशीर व्हायचा. मग मी अकरा मिनिटे लवकर निघायला लागलो. वाडगा दोन किलो आठशेपर्यंत आला. नऊशेवर कधी गेला नाही. ती शीग बायकोची होती.

पुढच्या जानेवारीत तिने पुन्हा यायचे ठरले होते. डिसेंबरात आई न्हाणीघरात पडली, मांडीचे हाड मोडले. तिला सोडून येणे शक्य नव्हते. बायकोने फोनवर घरमालकिणीला ते सांगितले. काय सांगितले हे मला कळले नाही, पण त्या संध्याकाळी म्हाताऱ्यांनी मला आईच्या पायाचे विचारले. तेव्हापासून रोज विचारत.

हे मी मुर्रीत बसून लिहितो आहे. आई काठी धरून अंगणात येते. मुलीचे शेवटचे वर्ष जवळ आले आहे. मी जुन्याच मिलमध्ये लागलो. सवय मात्र पूर्ण गेली नाही. गंज बाजारात गेलो की आधी दुकानदाराला घरचे कसे आहेत, गुडघा कसा आहे, पोरगा काय करतो, असे विचारतो. परवा त्याने मधेच हात वर केला आणि म्हणाला, "देखो भाई, उधारी बंद है."

निघायचा तो दिवस राहिला. मार्च महिना, तिकडे रोजे चालू होते. तोंडात घालायची वस्तू दिवसा नेणे बरे नव्हे, म्हणून सूर्य बुडून त्यांचे खाणे होईपर्यंत मी अंगणात थांबलो. मग गोल खोलीत जाऊन उकिडवा बसलो. त्यांनी विचारले, मी "नाआ" म्हणालो. मी विचारले, ते म्हणाले. मग रस्ता मागितला. अर्धा मिळाला. कुठपर्यंत, हे मी विचारले नाही. बायकोचा अर्धा मी नेऊ का, असे विचारले. ते म्हणाले, तो जिचा तिनेच न्यायचा.

हजर माणसे तीन. दिले ते असे. गिनी कोंबडी एक, जिवंत, पाय बांधलेली, घरमालकिणीला. कोलाच्या बिया बारा, म्हाताऱ्यांच्या उजव्या हातात. त्यांनी त्या मोजून घेतल्या.